जैसलमेरभोवती चार दिवस: पाण्याच्या मागावर



हिवाळा जवळ आला की मला भेटणारा मराठी माणूस, मग तो इंदूरचा असो, बडोद्याचा असो की हैदराबादचा, एक प्रश्न हमखास विचारतो. "कर्नल साहेब, जैसलमेरला दोन दिवस पुरतात ना?" मी विचारतो, काय काय बघणार? तर ठरलेली यादी येते. पहिल्या दिवशी किल्ला आणि पटव्यांची हवेली, संध्याकाळी समच्या वाळूत उंटावर फेरी, रात्री तंबूपुढे नाचगाणी, दुसऱ्या दिवशी चादरी-जोड्यांची खरेदी आणि परतीची गाडी. एवढंच करायचं असेल तर दोन दिवस पुरतात. थोडे उरतातही.

माझा सल्ला वेगळा आहे. मुक्काम शहरात ठेवा, चार रात्रींचा. रोज सकाळी निघा, संध्याकाळी परत या. आणि जिथं जाल तिथं एकच गोष्ट विचारा: इथं पाणी कुठून यायचं? हा प्रश्न धरून फिरलात तर पडकी गावं, छत्र्या, दगड झालेली झाडं, तळी, अगदी रणभूमीसुद्धा एका माळेत बसते.

हा प्रश्न विचारायला मी पुस्तकातून शिकलो नाही. त्याची किंमत मोजावी लागली, आणि ती मी भरली नाही, दुसऱ्यानं भरली. ते आधी सांगतो.

१९८० च्या दशकातली गोष्ट. मी नवा कॅप्टन होतो आणि आमची बटालियन सरावासाठी रामगढच्या पलीकडे वाळवंटात उतरली होती. एप्रिलचा शेवट. मला बारा जवान घेऊन पायी एका ठिकाणी पोहोचायचं होतं. नकाशावर वाटेत विहिरीची खूण होती. मी हिशेब केला, की माणशी पाण्याची बाटली आणि दोन छागली तिथपर्यंत पुरतील, पुढचं पाणी विहिरीवर भरून घेऊ. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी, वाऱ्यावर टांगली की पाणी गार ठेवते. विहिरीवर पोहोचलो. विहीर होती, खोल होती, तळाशी पाणीही होतं. दोर बांधून काढलं आणि पहिला घोट घेणाऱ्यानं थुंकून टाकला. खारट, कडू. उंटसुद्धा नाक फिरवेल असं.

परत फिरण्यात तीन तास गेले. सांगली जिल्ह्यातला एक जवान, आमच्यातला सर्वांत तगडा गडी, आधी बडबडायला लागला, मग घाम यायचा थांबला, मग कोसळला. उष्माघात. तेवढ्यात मेंढ्या घेऊन एक म्हातारबाबा आले. त्यांनी जवानाकडे पाहिलं, आमच्या वाटेकडे पाहिलं आणि त्यांच्या बोलीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा: "पाणी तर तुम्ही मागंच टाकून आलात, सा." आम्ही ज्या उथळ खोलगटीतून तासाभरापूर्वी गेलो होतो तिथं लाकडी झाकणं घातलेली चार-पाच तोंडं होती. मी ती पाहिली होती. मला वाटलं, धान्याचे पेव असतील. त्या कुई होत्या. बाबांनी झाकण उघडलं, बारकी चामडी बादली सोडली, आणि गोडं पाणी वर आलं. एका वेळी जेमतेम दोन तांबे.

जवान वाचला, पण त्याची वैद्यकीय श्रेणी उतरली ती पुन्हा वर आलीच नाही. नकाशा जुना होता हे खरं. पण आदल्या दिवशी आम्ही ज्या ढाणीजवळ थांबलो होतो तिथं एका शब्दानं विचारलं असतं तर लहान पोरानंही सांगितलं असतं की ती विहीर खारी आहे. विचारलं नाही, हा दोष माझा. त्या कुईंकडे मी शेवटी परत येईन.

आता पहिला दिवस. जैसलमेरला वर्षाला सरासरी दोनशे मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो. पुण्यात सातशेच्या आसपास, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. म्हणजे महाबळेश्वरला जुलैच्या काही दिवसांत पडतो तेवढा यांना वर्षभर पुरवायचा. आणि तरीही रावल जैसल यांनी ११५६ मध्ये इथं राजधानी वसवली आणि ती आठशेहून जास्त वर्षं टिकली. कशी, ते बघायला सकाळी आधी गडीसर तलावावर जा, किल्ल्यावर नंतर.

हा तलाव चौदाव्या शतकात रावल गडसी यांच्या नावानं नावारूपाला आला. भोवतालच्या खडकाळ माळावर पडलेला थेंब उतारानं इथं येईल अशी पाणलोटाची आखणी. शतकानुशतकं सगळं शहर इथून घडे भरून नेत असे. आज लोक तिथं नौकेत बसून छायाचित्रं काढतात आणि पाणी कालव्याचं असतं. तलावाच्या वाटेवर पिवळ्या दगडाचं देखणं प्रवेशद्वार आहे, तिलोंची पोल. तिलों नावाच्या एका गणिकेनं ते बांधलं, दरबारात नापसंती झाली, तेव्हा तिनं वर देऊळ बांधवलं म्हणजे कुणाला पाडता येऊ नये, अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, गावाच्या पाण्यावर आपलं नाव लागावं असं एखाद्या बाईला वाटणं मला समजतं.

मग किल्ला. २०१३ मध्ये राजस्थानच्या सहा डोंगरी किल्ल्यांची युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंद झाली, त्यांतला हा एक. आत आजही वस्ती आहे. किल्ला बघा, जैन मंदिरं बघा, पण एक विनंती: रात्रीचा मुक्काम किल्ल्यात करू नका, खाली शहरात करा. कारण सांगतो. ही टेकडी सलग कातळाची नाही. दगडाखाली मऊ मातकट थर आहेत. बांधणाऱ्यांनी सांडपाण्याचा विचार घड्याच्या हिशेबानं केला होता. माणसं डोक्यावरून पाणी आणत होती तोवर तो हिशेब बरोबर होता. मग नळ आले, हॉटेलं आली, प्रत्येक खोलीला न्हाणीघर आलं. मुरणारं पाणी त्या थरांत उतरलं आणि पाया भिजून फुगायला लागला. तटाचे भाग ढासळले आहेत, माणसंही गेली आहेत. १९९६ मध्येच जागतिक स्मारक निधीनं धोक्यातल्या स्थळांच्या यादीत हा किल्ला घातला होता. गेल्या काही वर्षांत गटारं आणि दुरुस्तीची कामं झाली आहेत. तरीही आपल्या एका रात्रीच्या दोन बादल्या खाली सांडलेल्या बऱ्या.

दुपारी बाडमेर रस्त्यानं सतराएक किलोमीटरवर अकलला जा. अक्कल नव्हे, अकल. तिथला जीवाश्म बाग बघून बरेचजण नाराज होतात. एकवीस हेक्टरचा उघडा माळ आणि लोखंडी जाळीत, पत्र्याच्या छपराखाली ठेवलेले ओंडके. पण जवळ जाऊन बघा. ओंडका लाकडाचा नाही, दगडाचा आहे, आणि साल, गाठी सगळं जागच्या जागी. सर्वांत मोठा तेरा मीटरांहून लांब. वय अठरा कोटी वर्षं. इथं तेव्हा दमट जंगल होतं. उन्मळलेली झाडं नद्यांच्या गाळात पुरली गेली, कुजायच्या आत खनिजांनी भरलेलं पाणी त्यांच्यात शिरलं आणि पेशी-पेशीच्या जागी दगड बसला. पुढे याच भागावर समुद्र आला. त्या समुद्राच्या तळाचा पिवळा दगड म्हणजे आज तुम्ही बघता ते जैसलमेर. हवेलीच्या भिंतीत निरखून पाहिलं तर कुठे शिंपल्याची कड सापडते.

या जुन्या नद्यांच्या वाळूच्या खडकाला भूशास्त्रज्ञ जवळच्या लाठी गावाचं नाव देतात, आणि त्याच थरांतून आज कूपनलिका गोडं पाणी उपसतात. दोनशे मिलिमीटरच्या पावसानं ते साठे भरून निघत नाहीत. अकलच्या माळावर उभं राहून हे लक्षात आलं की पायाखालची जमीन जरा वेगळी वाटते.

बाजारात हाबूर गावच्या जीवाश्मी दगडाच्या वाट्या मिळतात. विकणारा सांगेल की यात दूध ठेवलं की विरजण न घालता दही लागतं. मी एक घेतली. सौभाग्यवतींनी दोन दिवस प्रयोग केला आणि तिसऱ्या दिवशी चमचाभर विरजण घातलं. वाटी मात्र सुंदर आहे.

दुसरा दिवस कुलधराचा. शहरापासून पश्चिमेला अठराएक किलोमीटर. याच्यावर भुताखेतांचे इतके व्हिडिओ निघाले आहेत की मला हे गाव सुचवायलाही संकोच वाटतो. कथा सगळ्यांना माहीत असते: जैसलमेरचा दिवाण सालमसिंह, त्याची वाईट नजर गावच्या मुलीवर, आणि पालीवाल ब्राह्मणांची चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत शाप देऊन निघून गेली. सालमसिंह हा खरा माणूस, त्याची हवेली शहरात उभी आहे, आणि त्याच्या काळात करांचा जाच होता असंही सांगतात. पण अभ्यासकांनी गाव मोजलं, विहिरी पाहिल्या, आणि पाणी आटत गेल्यानं वस्ती कमी होत गेली असावी असं काहींनी मांडलं. पडझडीचा ढंग बघून काही भूशास्त्रज्ञांनी भूकंपाची शक्यता पुढे केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाव रिकामं झालं, एवढं धरून चाला. मला स्वतःला एका रात्रीची गोष्ट पटत नाही. बैलगाड्या, म्हातारी माणसं, गुरं आणि धान्य घेऊन चौऱ्याऐंशी गावं एका रात्रीत हलवणं म्हणजे काय, हे सैन्यात एक बटालियन हलवून बघितलेल्याला विचारा.

भुतांच्या नादात लोक कुलधराचं खरं नवल न बघता परततात. ते गावात नाही, गावाबाहेर आहे. त्याला खडीन म्हणतात, आणि ते समजून घेण्यासाठी मी तुमचा थोडा जास्त वेळ घेणार आहे.

पालीवाल मूळचे पालीचे, म्हणून पालीवाल. ते या भागात आले तेव्हा त्यांनी जमीन पाहिली ती अशी: उंचावर खडकाळ, बोडका माळ, जिथं काही उगवत नाही, आणि त्याच्या पायथ्याशी खोलगट, मातीची जागा. पाऊस वर्षातून मोजून तीन-चार वेळा जोरात येतो आणि माळावरून धावत निघून जातो. पालीवालांनी खोलगटाच्या खालच्या कडेला मातीचा लांब बांध घातला. उंची पुरुषभर किंवा थोडी जास्त, लांबी शेकडो मीटर, आणि जादा पाणी निघून जायला एका बाजूला दगडी सांडवा. बस, एवढंच. माळावरचं पाणी येताना बारीक गाळ आणि गुरांच्या लेंड्या-शेण घेऊन येतं आणि बांधाच्या आत थांबतं. ऑगस्टपासून पुढे काही आठवडे तिथं तळं दिसतं. हळूहळू पाणी जमिनीत मुरतं, मुरताना मातीतला खारटपणा खाली घेऊन जातं. दिवाळीच्या आसपास तळं संपतं आणि ओली, खतवलेली जमीन उघडी पडते. त्या ओलीवर गहू आणि हरभरा पेरायचा. पुढे एक थेंबही द्यायचा नाही. कापणीपर्यंत तीच ओल पुरते.

गणित असं: एक एकर पिकवायचं तर साधारण पंधरा एकर बोडका माळ वर हवा. आपल्याला जी जमीन नापीक दिसते ती त्यांच्या लेखी पाणी गोळा करायचं छप्पर होती. म्हणून त्या माळावर कुणी बांधकाम करायचं नाही, घाण करायची नाही, असा दंडक. आणखी एक खुबी बघा. बांधाच्या खालच्या अंगाला ते विहीर खणत. मुरलेलं पाणी बांधाखालून झिरपून तिच्यात यायचं, म्हणजे शेत आणि प्यायचं पाणी एकाच पावसातून. जमीन दरबाराची, मेहनत पालीवालांची, पिकाचा चौथा हिस्सा दरबाराला. आपल्याकडे धुळ्याकडची फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल त्यांना यातली सामाईक शिस्त ओळखीची वाटेल, फक्त तिथं वाहती नदी होती आणि इथं तीही नाही.

दोनशे मिलिमीटरच्या प्रदेशात गहू! हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला थाप वाटली. आता जानेवारीत जाल तर खाबा किल्ल्याच्या वाटेवर चालकाला खडीन दाखवायला सांगा. पालीवाल गेले, पण त्यांचे कित्येक बांध आजही पिकतात, दुसरे लोक कसतात. पिवळ्याधम्मक माळाच्या कुशीत हिरवा गव्हाचा पट्टा, भोवती मैलोगणती काही नाही. खाबा किल्ल्यावरून खाली पालीवालांचं दुसरं उजाड गाव नकाशासारखं पसरलेलं दिसतं, आणि मोरांची संख्या पर्यटकांहून जास्त असते. तिथून समला जा, सूर्यास्त बघा, उंटावर बसायचंच असेल तर बसा. वाळूवर जीपगाड्या पळवण्याचा जो धिंगाणा चालतो त्यात मात्र पैसे घालू नका.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, माळढोक बघायला. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि तो राज्याचा पक्षी आहे. महाराष्ट्रात आपण सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, आणि तिथं आता एखादा दिसला तरी बातमी होते. तो उरलाय मुख्यतः इथं, मरुभूमी राष्ट्रीय उद्यानात आणि पोकरणच्या आसपास. जगात मिळून दीडशेच्या आतच. उद्यान तीन हजार चौरस किलोमीटरांहून मोठं आहे, त्यात सुदासरीचा कुंपण घातलेला भाग शहरापासून साठेक किलोमीटर. परवानगी आणि वेळा आदल्या दिवशी वन विभागाकडे विचारून घ्या.

मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातला एक अतिशय जड पक्षी. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे शत्रू चहूकडून दिसतो, पण नाकासमोरची तार दिसत नाही, आणि एवढं जड अंग आयत्या वेळी वळत नाही. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांच्या वीजवाहिन्या या माळावर झाल्या, आणि पक्षी धडकून मरू लागले. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. एकीकडे स्वच्छ वीज हवी, दुसरीकडे पक्षी, आणि दोन्ही बाजूंना खरी माणसं आहेत. सम आणि रामदेवरा इथल्या प्रजनन केंद्रांत अंडी उबवून पिल्लं वाढवली जात आहेत, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्मलं. आशा आहे, पण पिंजऱ्यातल्या पिल्लाला सोडायला माळ शिल्लक हवा.

इथंही पाण्याचाच धागा आहे, आणि थोडा उलटा. माळढोकाला हवं सेवण गवत, जे या रुक्ष वाळूतच फोफावतं. कालव्याचं पाणी आलं तिथं सेवणाच्या कुरणांची शेतं झाली. माणसाचं भलं झालं, गवताचं आणि पक्ष्याचं झालं नाही. चालकाला पक्ष्याच्या जवळ गाडी घालायला सांगू नका. मी तीन वेळा गेलो आणि दोनदा नुसते चिंकारे बघून परतलो. तिसऱ्यांदा दिसला तो लांब, दुर्बिणीत, उष्णतेनं थरथरणाऱ्या हवेत, एकटा चालत होता. माझ्या नातवानं विचारलं, "आजोबा, बाकीचे कुठे आहेत?"

परतताना दुपार मोकळी राहते. लोद्रवा उरकता येतं, जैसलमेरच्या आधीची भाटींची राजधानी. आज तिथं जुन्या शहराचं फारसं काही नाही, पण पार्श्वनाथाचं जैन मंदिर आणि त्यातली दगडी जाळी बघण्यासारखी. वाटेत अमरसागर, जिथं तळं आटलं तरी पात्रात खणलेल्या विहिरींत झिरपा साठलेला असायचा. आणि संध्याकाळचं ऊन असेल तर बडा बाग: राजघराण्याच्या छत्र्या, मागे पवनचक्क्यांची रांग. छायाचित्र सगळे छत्र्यांचं काढतात. शेजारी सोळाव्या शतकातला बंधारा आहे, त्याच्यामुळेच त्या उघड्या माळावर 'बाग' होऊ शकली. तो कुणी बघत नाही.

चौथा दिवस लांबचा. रामगढमार्गे तनोट, तिथून लोंगेवाला आणि परत. एकूण तीनशे किलोमीटरांच्या आसपास, रस्ता उत्तम. तनोट माता मंदिराची व्यवस्था सीमा सुरक्षा दल बघतं. १९६५ च्या युद्धात आवारात पडलेले पण न फुटलेले गोळे तिथं ठेवले आहेत. तनोटच्या पुढे सीमेकडे जायचं तर परवाना लागतो. नियम बदलत असतात, तिथं पोहोचून हुज्जत घालू नका. पहाऱ्यावरचा जवान तुम्हाला नाही म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या मनानं म्हणत नसतो.

लोंगेवाला 'बॉर्डर' चित्रपटामुळे घरोघरी पोहोचलं. चित्रपट बाजूला ठेवून जमीन बघा. ४ डिसेंबर १९७१ ची रात्र. २३ पंजाबची एक कंपनी, सुमारे १२० जण, मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली, आणि समोरून रणगाड्यांचा मोठा ताफा. चौकी वाळूच्या उंचवट्यावर, समोरची जमीन खाली. पुढची तारेची कुंपणं बघून शत्रूला भूसुरुंगांची शंका आली आणि तो थबकला. वाटेवरून बाजूला वळलेली वाहनं मऊ वाळूत रुतली. रात्री आपली लढाऊ विमानं उडू शकत नव्हती, म्हणून त्या कंपनीला उजाडेपर्यंत टिकायचं होतं. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली आणि उघड्यावर अडकलेले रणगाडे त्यांनी एकेक करून टिपले. चांदपुरी यांना महावीर चक्र मिळालं. तिथं उभं राहून मी नेहमी जमिनीचाच विचार करतो. स्थानिक माणसाला कुठली वाळू घट्ट आणि कुठली फसवी हे चालता चालता कळतं. नकाशावर दोन्ही सारख्याच रंगाच्या असतात.

आता कुई. रामगढच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात काही ठिकाणी वाळूच्या खाली, पंधरा-वीस मीटरांवर, खडिया मातीचा म्हणजे जिप्समचा थर पसरलेला आहे. त्याच्या खूप खाली भूजल आहे, पण ते खारं, आमच्या नकाशातल्या विहिरीसारखं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि या थरावर अडतं, खालच्या खाऱ्यात मिसळत नाही. तळं होऊन साठतही नाही, कणाकणाला ओल म्हणून धरून राहतं. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. वाळू भेगाळत नाही, वरचा थर सुकतो आणि खालच्या ओलीवर झाकण होतो. म्हणून ती महिनोन् महिने टिकते.

ही ओल काढायला कुई खणतात. विहिरीचं हे धाकटं रूप खोलीला कमी नसतं, फक्त घेर अगदी लहान: एक माणूस उकिडवा बसेल एवढाच. घेर लहान कारण पाणी थोडं आहे, रुंद तळावर ते पसरून हाती लागणार नाही, आणि तोंड मोठं ठेवलं तर उन्हानं उडेल. खणणाऱ्याला चेजारो म्हणतात. आत फावडं चालवायला जागा नसते, आखूड दांड्याच्या हत्यारानं तो खणत जातो. आत उकाडा असह्य होतो, तेव्हा वरची माणसं मूठमूठ वाळू जोरानं खाली टाकतात, म्हणजे ताजी हवा तळाशी ढकलली जाते. वाळू ढासळू नये म्हणून गवताच्या जाड दोराचे वेढे घालत किंवा विटांनी बांधत खाली उतरायचं. खडियाचा थर लागला की थांबायचं, तो फोडायचा नाही. मग भिंतींतून ओल थेंबथेंब सुटून तळाशी जमते. दिवसाकाठी दोन-तीन घडे. कुई घरटी खासगी, पण नवी कुई खणायला गावाची संमती लागते, कारण जमिनीतली ओल सगळ्यांची एकच. झाकण असतं ते एवढ्यासाठी. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूँदें' या हिंदी पुस्तकात या जलव्यवस्थेवर लिहिलं आहे. ते वाचलं तेव्हा माझ्या चुकीला वर्षं लोटली होती.

निवृत्तीनंतर एका डिसेंबरात मी आणि सौभाग्यवती त्या खोलगटीचा शोध घेत गेलो. या वेळी आधी ढाणीवर थांबलो, चहा घेतला आणि विचारलं. पंजाबातून निघणारा इंदिरा गांधी कालवा मुख्य धारेसकट साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास लांब आहे. त्याचं पाणी आता तिथं नळानं येतं. बहुतेक कुई वाळूनं बुजल्या होत्या. नव्या पिढीतल्या कुणाला खणता येत नाही, शेवटचे चेजारो म्हातारे झाले, असं आम्हाला घेऊन जाणारे गृहस्थ म्हणाले. पण दोन कुईंवर नवं लोखंडी झाकण होतं, कुलूप होतं. मी कारण विचारलं. ते म्हणाले, "नहरबंदी असते ना, सा." दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला दुरुस्तीसाठी कालवा काही आठवडे बंद राहतो, टँकर येईल तेव्हा येतो. म्हणून होळीच्या आधी ते दोन कुई उपसून साफ करतात.

त्यांनी कुलूप काढलं, बादली सोडली. आम्ही दोघांनी ओंजळीनं पाणी प्यायलं. तिथं मोबाइलला रेंज नव्हती. रामगढला परत आल्यावर मी सांगली जिल्ह्यातला तो नंबर लावला. तो आता आजोबा झालाय, ऊस लावतो. मी म्हटलं, ती कुई सापडली. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग म्हणाला, "साहेब, पाणी अजून गोडं आहे का?"

गोडं आहे, म्हणून सांगितलं.

तुम्ही जाल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. कुणाचंही झाकण परवानगीशिवाय उचलू नका, आणि चौथ्या दिवशी निघताना गाडीत माणशी पाच लिटर पाणी शहरातूनच भरून घ्या. ढाणीवर प्यायला मिळेल, ते कधीच नाही म्हणत नाहीत, पण ते त्यांच्या घड्यातलं असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले. पुढच्या भागात बिकानेर. जय हिंद.